नाताळच्या नाटुकल्यात हेरोद

मावशीच्या मंडळीतली रविवारच्या शाळेची मुलं दर नाताळला ख्रिस्तजन्माचं नाटुकलं करतात. यंदा काही पालकांनी सुचवलं की हेरोद राजाचा प्रवेश गाळावा; सणासुदीला पोरांपुढे बालहत्येचा विषय कशाला? मावशी ऐकेना. मी एरवी चर्चची पायरी चढत नाही, पण नाताळच्या गाण्यांना पेटी माझीच असते. तेवढ्या अधिकारावर मी पालकांची बाजू घेतली. करंज्या भरता भरता वाद रंगला.

मी : अगं, शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनेही ती कत्तल सांगितलेली नाही. त्याच्याकडे गव्हाणी, मेंढपाळ, गाणारे देवदूत. मत्तयाकडे तारा, पूर्वेकडचे ज्ञानी मागी आणि हेरोद. गव्हाणीचं नावसुद्धा नाही. आपण दोघांची खिचडी करतोच, तर त्यातला एक खडा काढला म्हणून काय बिघडलं?

मावशी : खडा खुद्द मत्तयाने ठेवलाय, आणि तो त्याच्याच दाताखाली येणारा आहे. बेथलेहेमातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारले गेले, का, तर त्यांच्यात एक राजा जन्मला म्हणून. आणि तो राजा तेवढा आईबापांबरोबर रातोरात मिसरला निघून गेला. आपल्याच देवाला अडचणीत आणणारी गोष्ट कोण कशाला लिहील?

मी : माझं घोडं तिथेच अडतं. येशूच्या बापाला, योसेफाला, स्वप्नात सावध केलं. शेजारच्या बापाला का नाही? एक स्वप्न त्यालाही पडलं असतं तर देवाचं काय जात होतं?

मावशी काही बोलली नाही. कातणं फिरवून तिने कडेचं पीठ गोळा केलं. मला वाटलं, जिंकलो. म्हणून जरा जोर केला.

मी : शिवाय हे घडलं तरी का? योसेफस या इतिहासकाराने हेरोदाला कुठे सोडलेलं नाही. बायको मरियम्नेला मारलं, पोटच्या तीन पोरांना मारलं, सगळं लिहिलंय. आपण मेल्यावर देशात रडारड व्हावी म्हणून यरीहोत बड्या लोकांना कोंडून त्यांच्या कत्तलीचा हुकूम देऊन ठेवला, तेही लिहिलंय. तो हुकूम कोणी पाळला नाही, ते सोड. पण बेथलेहेमबद्दल चकार शब्द नाही. आणि लूक जन्माच्या वेळी जिचा उल्लेख करतो ती सुभेदार क्विरिनियाची नावनोंदणी इ.स. 6ची, हेरोद इ.स.पू. 4मध्येच गेला.

मावशी : तारखांचा गुंता आहे, मान्य. खेडं लहान, पोरं थोडी, राजधानीत कोण नोंद ठेवणार, असंही म्हणता येईल. पण समजा, नाही घडलं. मग तुझ्या प्रश्नातून देव सुटला? तिथे नाही तर दुसरीकडे घडलंच आहे, घडतंय. 2023च्या नाताळात बेथलेहेमच्या लुथरन चर्चने बाळ येशू गव्हाणीत नाही, सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवला होता. गाझातली पोरं ढिगाऱ्याखाली असताना त्यांना दुसरी गव्हाणी सुचेना.

मग तिने आतून एक जाडजूड पुस्तक आणलं. मावशी चित्रकलेची शिक्षिका होती, त्यामुळे तिच्या प्रत्येक वादात कधी ना कधी चित्र निघतंच. हे ब्रूगेलचं, सोळाव्या शतकातलं. बेथलेहेमची कत्तल त्याने आपल्याच फ्लेमिश खेड्यात, बर्फात घडवली आहे. पुढे हे चित्र सम्राट दुसऱ्या रुडॉल्फकडे गेलं आणि त्यातली मुलं रंगाने झाकली गेली. कुठे त्यांच्या जागी जनावर आलं, कुठे गाठोडं.

मावशी : ही बाई बघ. बर्फात आक्रोश करतेय. पुढ्यात काय आहे?

मी : चीज… आणि मांसाचे तुकडे?

मावशी : तिचं मेलेलं लेकरू होतं तिथे. आता ती खाऊसाठी रडतेय असं वाटतं. सम्राटाच्या भिंतीला शोभेल असं झालं चित्र! तुझे पालक मला हेच करायला सांगतायत. पोरं गेली तरी रडणारी आई राहतेच रे, फक्त ती कशासाठी रडते ते कळेनासं होतं. मत्तयाने लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीचा विलाप आठवून ते रडणं ठेवलं. तिची समजूतही घातली नाही. म्हणून माझा त्याच्यावर भरवसा बसतो.

मी : भरवसा लिहिणाऱ्यावर. देवावर कसा?

हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो.

मी : आपल्याकडच्या कंसाचं निदान पुढे काही झालं. कृष्णाने त्याला लोळवला. हेरोद अंथरुणात मेला, गादीवर त्याचा मुलगा अर्खेलाव बसला, आणि त्याच्या धास्तीने योसेफ गालीलात गेला. कुठे आहे न्याय?

मावशी : नाही. आणि वाचलेलं मूलही पुढे रोमनांनी क्रुसावर चढवलं. त्याने त्या पोरांचा हिशेब फिटतो असं म्हणणारे आहेत. मी नाही म्हणत. त्या आयांसमोर उभं राहून मला तसं म्हणता येणार नाही. स्वप्नाच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नाही.

मी : तरी गातेस?

मावशी : मेंढपाळ काय बघून गायले? एक तान्हं पोर, जनावरांच्या खाण्याच्या जागेत. सम्राट औगुस्ताचा कर माफ झाला नव्हता, हेरोद गादीवर होता, सकाळी परत मेंढरंच राखायची होती. सगळं मार्गी लागल्यावरच आनंद करायचा तर तो हेरोदासारख्यांनाच परवडेल. मला वाटतं देव असलाच, तर तो वाड्यात नाही, त्या पोरात आहे, ज्याला कोणीही मारू शकतं. एवढाच माझा विश्वास. तो काही घडवून आणतो याची खात्री देत नाही मी.

मी : एवढ्याशा विश्वासावर पालक समाधानी होतील?

मावशी : नाही होणार. दोघीतिघी आपली मुलं काढून घेतील, मेंढपाळ कमी पडतील. कत्तल रंगमंचावर नाही दाखवणार मी. हेरोद हुकूम देईल आणि एक मुलगी राहेलीचं बोलणं म्हणेल. पण त्यानंतर लगेच आनंदाचं गाणं घ्यायचं की मध्ये थांबायचं, हे मला सुचत नाहीये. पेटी तुझ्याकडे आहे, तू सांग.

मी : थांबायचं. किती वेळ, ते तालमीत बघू.