बरं आहे ना?

कर्जत स्टेशनच्या पुलावर, शेताच्या बांधावर, पिठाच्या गिरणीत, कुणीही भेटलं की विचारतं, "काय, बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." गेली बारा वर्षं हेच चाललंय. हे खोटं बोलणं आहे का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

माझं मोठं आतडं काढलेलं आहे. आत जखमा होऊन रक्त जायचं, औषधांनी हात टेकले. डॉक्टरांनी लहान आतड्याचं शेवटचं टोक दुमडून आतच एक पिशवी शिवली आणि ती खाली जोडली. ही पद्धत लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स या डॉक्टरांनी १९७८ साली मांडली. तिच्यामुळे पोटावर बाहेरून कायमची पिशवी लावायची वेळ टळते. उपकारच म्हणायचे. पण माझी ही आतली पिशवी सुजते. मग दिवसातून पंधरा वेळा पळायचं, रात्री चारदा उठायचं, अंगात कणकण. गोळ्या सुरू केल्या की उतार पडतो, थांबवल्या की दुखणं परत दारात. काहींना ही सूज एकदा येते आणि जाते. माझी मुक्कामाला आलीय.

तिच्यासोबत राहायची रीत बसवली. मोठं आतडं नसलं की अंगात पाणी आणि मीठ टिकत नाही, म्हणून सकाळी मीठ घातलेली पेज. मिरची बंद. कर्जतचा वडा खायला लोक गाडीतून उतरतात, मी कर्जतचा असून वड्याकडे बघत नाही. मुंबईला तपासणीला जायचं तर शंभर किलोमीटरचा प्रवास आणि लोकलमध्ये संडास नाही, म्हणून आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. हे सगळं जमलं. सांगणं तेवढं जमलं नाही. पोट दुखतंय हे चारचौघांत सांगता येतं, संडासाचं कसं सांगणार?

दोन वर्षांमागे आषाढात खालापूर तालुक्यात बहिणीच्या सासरी लावणीला गेलो. ते आमच्या शेतात येतात, आम्ही त्यांच्या शेतात जातो. सूज होतीच, तरी "बरं आहे" म्हणत चिखलात उतरलो. दर अर्ध्या तासानं घराकडे पळत होतो. कुणीतरी म्हणालं, "पाव्हण्याला चिखल सोसत नाय." सगळे हसले, मीही हसलो. दुपारी परत आलो तर माझ्या वाट्याची लावणी बहिणीची सासू करत होती. सत्तरीची बाई, आधीच कंबरेत वाकलेली. मी आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा गडी बोलावला असता. लाज माझी झाकली गेली, कंबर तिची मोडत होती.

संध्याकाळी ओटीवर तिला सगळं सांगितलं. ती चिडलीच. "मंग आधी सांगाचा ना बाला! तोंड नव्हता का तुला?" मग हळू आवाजात म्हणाली, "आमी बायांनी उजेडात कधी डबा उचलला नाय. दिवसभर धरून बसाचा. आमच्यापाशी कसली लाज?"

रस्त्यात भेटलेल्या माणसाला "बरं आहे" म्हणणं खोटं नाही. तो रामराम घालतो, आपण रामराम घालतो. पण जो आपल्याबरोबर ओझं उचलणार आहे, त्याला "बरं आहे" म्हणणं मात्र खोटं. कारण आपण खाली ठेवलेलं ओझं जमिनीवर पडत नाही, त्याच्या डोक्यावर जातं. सांगितल्यानं तोटाही होतो. काही जण कीव करतात, काही जण काढे सुचवतात. तो तोटा माझा मी सोसायचा.

लहानपणापासून बघतोय, घाट चढायच्या आधी कर्जतला गाडी थांबते आणि मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यात गाडीची अब्रू गेली असं कुणी म्हणत नाही. मीच तेवढा वर्षानुवर्षं घाट एकट्यानं चढल्याचं सोंग करत होतो.

गेल्या लावणीला मला घराजवळच्या राबात रोपं उपटून मुठी बांधायला बसवलं. संडास वीस पावलांवर. तिकडून जाणाऱ्या एकानं विचारलं, "बरं आहे ना?"

"सूज आहे," मी म्हटलं. तो थांबला, तयार मुठी उचलल्या आणि खाचराकडे घेऊन गेला.