हरवलेली वस्तू आणि हरवलेला माणूस



नाताळात आपण चार दिवस गावी जातो. परत येऊन पाहतो तो कोयंडा उचकटलेला, कपाट उघडे, कपडे जमिनीवर. कधी बसस्थानकाच्या गर्दीत पाकीट जाते. कधी सकाळच्या मिस्साला निघालेल्या आजींच्या गळ्यातील चेन मोटारसायकलवरून आलेली पोरे ओढून नेतात. सोन्याचा भाव पेपरात छापून येतो. पण ती चेन आईने लग्नात घातलेली असते, तिचा भाव कोण सांगणार? अशा वेळी कोणी चटकन 'क्षमा करा' म्हटले, तर ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. म्हणून प्रथम हे मान्य करू या की चोरी हे पाप आहे आणि तिचे दुःख खरे आहे. देवाने सातवी आज्ञा उगीच दिलेली नाही.

वस्तू हरवली की आपण संत अंतोनींना साकडे घालतो. ते त्यांनाच का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. परंपरा अशी सांगते की, इटलीतील बोलोन्या येथे असताना संत अंतोनींचे स्तोत्रांचे पुस्तक नाहीसे झाले. तेराव्या शतकात पुस्तके हाताने लिहिली जात, आणि शिकवण्यासाठी काढलेली त्यांची टिपणेही त्यातच होती. मठ सोडून गेलेल्या एका नवशिक्याने ते नेले होते. अंतोनींनी प्रार्थना केली. तो तरुण परतला, त्याने पुस्तक दिले आणि पुन्हा मठात राहू लागला. एका प्रार्थनेने दोन हरवलेल्या गोष्टी सापडल्या: एक पुस्तक आणि एक माणूस. आपण संतांकडे पहिली मागतो आणि दुसरी विसरतो.

ही गोष्ट आपल्या मातीलाही परकी नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या पैठणचे संत एकनाथ यांच्याविषयी आख्यायिका आहे की, घरात शिरलेल्या चोरांना त्यांनी हातातली अंगठीही काढून दिली आणि जेवू घालून पाठवले. त्यांनाही गेलेल्या ऐवजापेक्षा आलेला माणूस मोठा वाटला.

मग पोलिसांत जाऊच नये का? जरूर जावे. क्षमा म्हणजे चोरीला मोकळे रान नव्हे. प्रभू येशू जक्कयच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयने फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे वचन दिले (लूक १९:८). संत थॉमस अक्विनास यांनी भरपाई हे न्यायाचे कृत्य मानले आहे. संत पौल चोराला केवळ 'चोरी सोड' म्हणून थांबत नाही. त्याने कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावे, अशी त्याची अपेक्षा आहे (इफिसकरांस ४:२८). म्हणजे घेणारा हात देणारा व्हावा. फिर्याद देणारा ख्रिस्ती माणूस हेच इच्छितो. त्याला वस्तू हवी असते, चोराचा नाश नको असतो.

पण घरात चोरी झाली की पुष्कळदा आणखी एक चोरी होते, आणि ती आपण करतो. पुरावा नसताना आपली नजर धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे वळते, शेजारच्या पोराकडे वळते. आपण उघड काही बोलत नाही. फक्त 'उद्यापासून येऊ नकोस' एवढेच सांगतो. गल्लीला तेवढे पुरते. तिची चार घरची कामे सुटतात. महिनाभराने अंगठी पिठाच्या डब्यात सापडते, पण त्या बाईचे नाव कोणत्या डब्यात शोधायचे? आधाराशिवाय दुसऱ्याला मनातल्या मनात दोषी ठरवणे हेही ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार पापच आहे.

आणि ज्यांचे खरोखरच काही चोरीला गेले, त्यांनी क्रुसाकडे पाहावे. लूकच्या शुभवर्तमानातील तेविसाव्या अध्यायाची चौतिसावी ओवी सावकाश वाचा. प्रभू पित्याजवळ शत्रूंसाठी क्षमा मागतो, आणि त्याच ओवीत शिपाई चिठ्ठ्या टाकून त्याची वस्त्रे वाटून घेतात. त्याच्याजवळ उरलेले शेवटचेही डोळ्यांदेखत गेले. त्या घटकेला तो क्षमेची प्रार्थना करतो. पुढे शेजारच्या क्रुसावरील गुन्हेगारालाही तो सुखलोकाचे वचन देतो. आपल्याला लुबाडले गेल्याचे दुःख तो जाणतो. ते त्याने अंगावर सोसले आहे.

क्षमा एका दिवसात होत नाही. राग पुन्हा पुन्हा येईल, तेव्हा प्रार्थनाही पुन्हा करावी लागेल. म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. आपली वस्तू गेली असेल, तर ती मिळावी म्हणून एक आणि नेणाऱ्याचे मन वळावे म्हणून एक, अशा दोन प्रार्थना करू या. कोणावर उगाच संशय घेतला असेल, तर त्याच्या दारी जाऊन माफी मागू या, आणि ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर शब्द परत घेऊ या. आणि आपल्याच घरात दुसऱ्याचे काही असेल, न फेडलेले उसने पैसे असोत की भावाच्या वाट्याची जमीन, तर ते परत करू या. समोर जाण्याचे धैर्य नसेल, तर पापनिवेदनाला या; नाव न कळू देता वस्तू मालकापर्यंत पोहोचवता येते.

हे प्रभो, जे गेले ते तुझ्या इच्छेने परत मिळो, आणि ज्याने नेले तो तुझ्याकडे परत येवो. आमेन.

– आपले धर्मगुरू