पाच टक्क्यांचा हिशेब

मामांची सारी नोकरी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात, तुरीच्या ट्रायल घेण्यात गेली. भाची मेंदूच्या एमआरआयवर पीएचडी करते.

मामा : मेंदूच्या नकाशावर लाल ठिपका तर दिसतोय. मग अडलं कुठं?

भाची : योगायोगाची मर्यादा (पी) ०.००१ धरली, की दिसतो. सगळ्या मेंदूचा हिशेब धरून दुरुस्ती लावली की जातो. गाईड म्हणतात, ०.००१ सगळेच लावतात.

मामा : सगळे लावतात, हे कारण झालं होय? दोन वाणांतला फरक खरा मानायची आमची सीडी (क्रिटिकल डिफरन्स) सुद्धा पाच टक्क्यांवरच. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९२५ च्या पुस्तकात तो आकडा सोयीचा म्हणून घेतला. पुढं पानसे-सुखात्म्यांच्या पुस्तकातून आमच्या हाती आला. पण आमचे वाण दहा-पंधरा. तुझे?

भाची : मेंदूचे लाखभर ठोकळे.

मामा : म्हणजे काही घडलं नाही तरी शंभरेक योगायोगानंच पेटणार!

भाची : पेटलेत की. अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि २००९ मध्ये निकाल मांडला. त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ निघाली. दुरुस्ती लावल्यावर गेली.

मामा : मग लाव कडक. मिटलं.

भाची : कसं मिटलं? माणसं थोडी, स्कॅन महाग. कडक लावलं की खरा पण बारीक परिणामही बुडतो. शेजारचे ठोकळे तर एकसारखेच वागतात, म्हणून सुटा ठोकळा न बघता पुंजका बघतात. तिथंही २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेहमीची सॉफ्टवेअर पाच टक्क्यांऐवजी कधी सत्तर टक्क्यांपर्यंत खोटे पुंजके देतात.

मामा : बरं, चूक झाली तर भरणार कोण? आमचा भलता वाण पास झाला तर शेतकऱ्याचा हंगाम जायचा. चांगला वाण राहिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचो.

भाची : मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी नेमकं उलटं. भाषेची जागा नजरेतून सुटली तर रोग्याची वाचा जाऊ शकते. तिथं सैल लावलेलं बरं.

मामा : तुझ्या कामात रोगी आहे?

भाची : नाही. पण खोटा ठिपका छापला तर त्यामागं दुसऱ्या कुणाची वर्षं जातील.

मामा : स्कॅन बघण्याआधी काय लिहून ठेवलं होतंस?

भाची : ०.०५, पूर्ण दुरुस्तीसह.

मामा : मग तेच छाप. ठरवलेल्या कसोटीला काही उतरलं नाही, असं लिही. आणि गाळणी न लावलेला सगळा नकाशा जोडून दे. ज्याला सैल लावून बघायचंय, तो बघेल.

(मामांचंच बरोबर आहे. फक्त ‘काही सापडलं नाही’ हा निकाल छापायला बरीच नियतकालिकं आजही नाखूश असतात.)