उरलेलं तेल

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा, जुना बनियन घालून मोटारसायकलपाशी उकिडवा बसलेला एक तरी गडी दिसेल. शेजारी पाने, चिंध्या, डिझेलमध्ये बुडवलेला टूथब्रश आणि निवत चाललेला चहा. गेली काही वर्षं त्या गड्यांत मीही आहे.

वडिलांकडे चेतक होती. १९७२ पासून आकुर्डीत तयार होऊ लागलेल्या या स्कूटरने मध्यमवर्गीय पुणेकरांना अर्धंमुर्धं मेकॅनिक केलं. रुसली की कलती करायची, प्लग काढून काजळी घासायची, पुन्हा किक. तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. इंजिन ते जाळून टाकायचं आणि निळसर धूर मागच्याच्या नाकात जायचा. त्या धुराबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही.

माझी गाडी फोर-स्ट्रोक. तिच्यात तेल जळून जात नाही, आतल्या आत फिरून काळं पडतं आणि ठरावीक अंतराने बदलावं लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने एकदा न बदललेल्या केबलचे पैसे लावले. मी तणतणत नाना पेठेत गेलो, ऑइल आणि फिल्टर आणला. गाडी पाच मिनिटं चालवून इंजिन गरम केलं, खाली घमेलं सरकवलं आणि ड्रेन बोल्ट सोडला. परत बसवताना मात्र जोर जास्त झाला आणि आटे गेले. बोल्ट ‘लागला’ की हाताला कळतं, तिथेच थांबायचं असतं. ते शिकायला मला एक बोल्ट आणि बराचसा अभिमान खर्ची घालावा लागला.

घमेल्यात लिटरभर काळं तेल उरलं होतं. इकडेतिकडे पाहिलं आणि फाटकाबाहेरच्या पावसाळी गटारात ओतून दिलं. वर बादलीभर पाणी मारलं, हात साबणाने स्वच्छ धुतले. संध्याकाळी मित्रांना ऐकवलं, ‘गाडीचं सगळं मी घरीच करतो.’

सगळं? हौसेने रविवारचं मटण रांधणारे आणि खरकटा ओटा बायकोसाठी सोडून उठणारे पुरुष आपल्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्याच पंगतीत बसलो होतो. आमच्या भागातलं गटार आंबिल ओढ्याला मिळतं, ओढा मुठेला. संगमावर मुळा भेटते, रांजणगाव सांडसजवळ दोघी मिळून भीमेत जातात. उजनी ओलांडून तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढवारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा मी वारकऱ्यांना चहा देतो, वाकून त्यांच्या पाया पडतो. माझं लिटरभर तेल त्यांच्या स्नानाच्या पाण्यापर्यंत पोचलं असेल-नसेल, पण मी ते त्याच वाटेला लावलं होतं.

वापरलेलं इंजिन ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते साठवून शुद्धीकरणाला पाठवलं, तर त्यातून पुन्हा वापरण्याजोगं तेल निघतं. हे वाचलं तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यातला तेलकट ड्रम आठवला. ज्याला मी लुच्चा ठरवून सोडलं होतं, तो प्रत्येक गाडीचं काळं तेल त्यात ओतायचा. केबलचा हिशेब त्याचा चुकला असेल, या तेलाचा माझा चुकला होता.

स्वावलंबनाची आपल्याला फार ऐट. पण काम हाती घेतलं की त्याचा मळही हाती येतो, आणि तो दुसऱ्याच्या दारात लोटला तर ते स्वावलंबन कसलं?

पुढच्या खेपेला नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुनं तेल भरलं, बूच घट्ट लावलं आणि दबकतच त्या गॅरेजवर गेलो. त्याने डबा हातात घेऊन हलवून पाहिला.

‘ह्याचे किती द्यायचे?’ मी विचारलं.

तो हसला. ‘द्यायचे कसले साहेब? हे विकून मलाच पैसे मिळतात. आणत जा.’

केबलचं बोलणं राहूनच गेलं.