नळी बदलताना

रायफलीच्या साऱ्या अवयवांत नळी तेवढी मर्त्य असते. अक्रोडाचा दस्ता नीट राखला तर तीन पिढ्यांच्या खांद्यांना पुरतो; बोल्ट आणि त्याला कवेत घेणारी पोलादी चौकट शतक सहज ओलांडतात. नळीचे प्राक्तन वेगळे. काडतूस जिथे बसते त्याच्या लगत पुढे असलेला तिचा चार बोटांचा भाग प्रत्येक बाराला जळत्या दारूचा दाब आणि दाह सोसतो, तिथल्या पोलादावर सूक्ष्म भेगांचे जाळे उमटत जाते, पिळाच्या कडा झिजतात, आणि शंभर मीटरवर एरवी नाण्याएवढ्या जागेत पडणाऱ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरू लागतात. ज्या कर्मासाठी तिला घडवले, त्या कर्मानेच ती क्षीण होते. म्हणून झिजलेली नळी मला टाकाऊ वाटत नाही. आपल्या वाट्याचे काम पुरते करून ती थांबलेली असते, आणि तिच्या जागी आता काय यावे, हा प्रश्न मागे ठेवून जाते.

हा प्रश्न मी जवळून पाहिला तो स्वीडनमध्ये, वर्मलांड प्रांतात, जिथे माझ्या मुलीचा संसार आहे. सेल्मा लागेरलॉफच्या कथांनी जगाच्या ओळखीचा झालेला हा तळ्यांचा आणि सूचिपर्णी अरण्यांचा मुलूख. शरद ऋतू जवळ आला की तिथल्या गावांत मूस या महाकाय हरणाच्या शिकारीचाच विषय निघतो. मुलीचे शेजारी, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, वडिलांच्या ८×५७ रायफलीला नवी नळी बसवणार होते. जुन्या काडतुसांच्या टोपीतले रसायन जळून जे क्षार उरत ते ओल धरत आणि पोलाद खात. त्या क्षारांनी ती नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची करून टाकली होती. स्वयंपाकघरातल्या मेजावर त्यांनी निरनिराळी काडतुसे ओळीने उभी केली होती, आणि बोलता बोलता ते एखादे उचलून त्याच्या पितळी मानेवरून अंगठा फिरवत. मी कधी बंदुकीला खांदा लावलेला नाही. पण जन्मभर पुरेल अशी निवड करणाऱ्या माणसाचा चेहरा वाचायला त्याची गरज नसते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पैसे मोजायचेच आहेत तर हवे ते घ्यावे. वस्तुस्थिती तशी नव्हती. रायफलीची चौकट मॉझर ९८ घराण्याची. पाउल मॉझरने १८९८ मध्ये जी रचना पक्की केली तिच्यात बोल्टचे मुख सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या बुडाला बेतलेले असते, आणि मॅगझिनमध्ये ८४ मिलिमीटरच्या आसपास लांबीचे काडतूस मावते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेले .३७५ मॅग्नम हे मध्यम बोअरमधले, म्हणजे नळीच्या मध्यम व्यासांतले, सर्वांत कीर्तिमान काडतूस, पण ते ९१ मिलिमीटर लांब आणि बुडाशी साडेतेरा मिलिमीटर जाड. ते बसवायचे तर बोल्टचे मुख मोठे करावे लागते, मॅगझिन लांबवावे लागते आणि बोल्टच्या खालच्या खुंटीला जे पोलाद आधार देते त्यातलेच काही खरवडून काढावे लागते. पुष्कळ कारागिरांनी ते यशस्वीपणे केले आहे. शेजाऱ्यांना मात्र वडिलांच्या रायफलीचा आधार पातळ करायचा नव्हता, आणि मला त्यांचे म्हणणे पटले. आपण ज्याला निवड म्हणतो तिच्या चतुःसीमा बहुधा आपल्या जन्मापूर्वीच कुणीतरी आखून गेलेला असतो. त्या सीमा नीट वाचता येणे ही निवडीची अर्धी विद्या आहे.

याच सीमांच्या आत दोन माणसांनी, दोन खंडांत, जवळजवळ सारखेच उत्तर शोधले. बर्लिनचा बंदूक-कारागीर ओटो बॉक याने १९०५ मध्ये ९.३×६२ रचले. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत गेलेल्या शेतकऱ्यांना इंग्रजी दुनळी रायफली परवडत नव्हत्या; मॉझरच्या साध्या चौकटीत, काही फेरफार न करता मावेल आणि रानरेड्यापुढेही उणे पडणार नाही असे काडतूस त्यांना हवे होते. अमेरिकेत, १९२२ च्या सुमारास, टाउनसेंड व्हेलेन आणि जेम्स हाउ यांच्या हातून .३०-०६ या लष्करी काडतुसाची मान रुंदावून .३५ व्हेलेन जन्मले. त्याला कुठल्याही कारखान्याने दत्तक घेतले नव्हते. सहा दशकांहून अधिक काळ ते कारागिरांच्या लेथवर आणि हौशी माणसांच्या घरगुती दारू-भरणीवर जगत राहिले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेमिंग्टनने ते आपल्या यादीत घेतले. लोकपरंपरेतली ओवी जशी छापखान्याची वाट न पाहता टिकते, तसे हे टिकणे. दोन्ही काडतुसांच्या गोळ्यांच्या व्यासात फरक आहे तो अवघा ०.२ मिलिमीटरचा. एकाच अडचणीपुढे बसलेली दोन प्रामाणिक माणसे एकमेकांना न भेटता एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा ते ठिकाण खरे असावे असा विश्वास वाटू लागतो.

नळी निवडताना व्यासाइतकाच पिळाचा विचार करावा लागतो, आणि हे प्रकरण मला व्यासाहून अधिक गूढ वाटते. नळीच्या आतले पीळदार खाचे गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यातून ती हवेत स्थिर राहते. ९.३×६२ चा प्रमाण पीळ ३६० मिलिमीटरला एक फेरा. साडेअठरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे ती सेकंदाला २००० गिरक्या घेत असते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. आता युरोपात शिसे सोडून निव्वळ तांब्याच्या गोळ्यांकडे वळणे सुरू आहे. तांबे हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब. आज पिळाचे माप ठरवणारा माणूस पुढच्या तीस वर्षांत गोळ्या कशाच्या होतील याचा अदमास बांधत असतो. पोलादात कोरलेले असे भविष्यकथन मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाही.

पिळाचे हे गणित ज्याने प्रथम गंभीरपणे मांडले तो इंग्लिश गणिती बेंजामिन रॉबिन्स. त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ चा. तीनच वर्षांत ऑयलरने तो सविस्तर भाष्यासह जर्मनमध्ये नेला. लंबकावर गोळी झाडून तिचा वेग मोजायची युक्ती रॉबिन्सची, आणि पीळदार नळीचे मर्म ओळखणाऱ्या राष्ट्राला युद्धात श्रेष्ठत्व लाभेल हे भाकीतही त्याचेच. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करायला भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला. उत्तरेच्या अरण्यातल्या त्या स्वयंपाकघरात पिळाची चर्चा चालली असता माझे मन कोरोमंडलच्या किनाऱ्यावर जाऊन आले ते त्यामुळे.

आणि तिथे गेलेले मन लवकर परतले नाही. भारतात काडतुसाची निवड शिकाऱ्याच्या गरजेने फार थोडी ठरली. पुष्कळशी ठरली ती सत्तेच्या भीतीने. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने भारतात .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्रीची गोळी त्याच व्यासाची होती आणि ती बंडखोरांच्या कामी येईल ही धास्ती. मग इंग्लिश कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे शोधून काढली, आणि ती पुढे आफ्रिकेत अभिजात ठरली. तसेच .३०३ चे, फौजेची रायफल म्हणून ती नागरिकाला वर्ज्य, त्यामुळे इशापूरच्या कारखान्याने बनवलेली .३१५ आपल्याकडच्या परवानाधारकांच्या हाती आली. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर, भेट मिळालेली रिग्बीची .२७५ रायफल मूळ ७×५७ मॉझरचीच. बॉकच्या काडतुसाचे बूड आणि तिच्या काडतुसाचे बूड एकाच मापाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातला हा सारा अध्याय मिटवला, आणि तो मिटला हे योग्यच झाले. आपल्या अरण्यांत उरलेल्या प्राण्यांना तो भार पेलणारा नव्हता. वर्मलांडचे अरण्य निराळे आहे. तिथे मूसची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवली जाते आणि एका जनावराचे मांस अनेक घरांच्या हिवाळ्याला पुरते. एका भूमीचा न्याय दुसरीला जसाच्या तसा लावणे मला रास्त वाटत नाही.

मृगया हे राजाचे व्यसन मानणाऱ्या परंपरेत कौटिल्य तिचे गुणही नोंदवतो: शरीराला व्यायाम घडतो, भय आणि क्रोध यांत प्राण्याचे चित्त कसे चालते ते कळते, चल आणि स्थिर लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो. स्वीडिश शिकारी ऐंशी मीटरवरून मूसच्या आकृतीवर सराव करतो, आकृती एकदा उभी असते आणि एकदा रुळावरून धावते. हे चल आणि स्थिर लक्ष्य पाहताना दोन सहस्रकांचे अंतर मला पुसल्यासारखे झाले. पण आधुनिक कायदा कौटिल्याने न मांडलेली एक बाब पुढे आणतो, जखमी जनावराची. गोळी नीट लागली नाही तर माग काढणारा तरबेज कुत्रा दोन तासांच्या आत त्या जागी पोहोचला पाहिजे, असे स्वीडनचा नियम सांगतो. साऱ्या काडतूसचर्चेचा नैतिक गाभा मला या दोन तासांत दिसतो.

कारण मध्यम बोअरची बाजू घेणारे वेदना थोडक्यात आटोपण्यासाठीच ती घेतात. मूससाठी स्वीडिश कायद्याची एक वाट अशी: गोळी किमान १० ग्रॅमची आणि शंभर मीटरवर तिची ऊर्जा किमान २००० जूल. नळीच्या तोंडाशी ४८०० जूलच्या घरात असलेली ९.३ ही अट कितीतरी मागे टाकते. घनदाट झाडीत, कुत्र्याने अडवून धरलेल्या चारशे किलोच्या नरावर बार होतो तो थोड्या अंतरावरून. तिथे वेगापेक्षा वजन उपयोगी, आणि मंद, जड गोळी मांसही कमी नासवते. पण मग .३७५ का नको, त्याहून मोठे का नको? याचे उत्तर खांदा देतो. ज्या रायफलीचा धक्का शरीराला भयभीत करतो तिचा घोडा ओढताना डोळा मिटतो, मनगट आक्रसते, आणि गोळी फुप्फुसाऐवजी पोटात जाते. सामर्थ्य एका मर्यादेपलीकडे गेले की ते अचूकतेलाच खाऊ लागते. ही मर्यादा प्रत्येक माणसाची निराळी, ती कोष्टकात सापडत नाही आणि अहंकार ती मान्य करू देत नाही. किती पुरे, हे स्वतःच्या देहाला विचारून ठरवणारा माणूस शस्त्र हाती घ्यायला मला सर्वांत लायक वाटतो.

कारागिराच्या कार्यशाळेत मी शेजाऱ्यांसोबत गेलो होतो. जुनी नळी शिकंज्यात आवळून चौकटीला लांब दांड्याची पकड लावली, आणि कित्येक दशकांचा आटा एका कोरड्या आवाजानिशी सुटला. नव्या नळीत चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कोरताना कारागीर रीमर थोडासा आत नेई, बाहेर काढी, पितळेच्या रंगाच्या तेलात न्हालेला कीस पुसून टाकी, पुन्हा आत नेई. घाई कुठेच नव्हती. शेवटी दोन पोलादी गेज. एकावर बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. दोहोंत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पहिल्यावर बोल्टची मूठ स्वतःच्या वजनाने खाली आली. दुसऱ्यावर ती अर्ध्यात अडली, आणि त्याने जोर लावला नाही. दाबाखाली पितळ फाटून वायू डोळ्यांकडे उसळू नये यासाठीची सारी सुरक्षितता त्या अडण्यात सामावलेली असते.

आता माझे मत. मॉझर ९८ घराण्याची रायफल असेल, रान दाट असेल आणि जनावर मोठे असेल, तर ९.३×६२ घ्यावे. चौकटीला ते धक्का लावत नाही, आणि ते विकत मिळते. १९०२ पासून या व्यवसायात असलेली नोर्मा कंपनी तर त्याच वर्मलांडमधल्या ओमोतफोर्स गावची. अमेरिकेत, जिथे .३०-०६ ची पितळे घरोघरी असतात, तिथे .३५ व्हेलेन तितकेच चांगले. पीळ ढिला घेऊ नये, रायफल फार हलकी करू नये. ज्याला हा धक्का सोसवत नाही त्याने बिनदिक्कत ८×५७ चीच नवी नळी बसवावी, कायद्याच्या अटीत तीही बसते आणि मूस तिनेही पडतो. आणि नळीवर खर्च करून जे पैसे उरतील त्यांची काडतुसे घेऊन, ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी, ती ऐंशी मीटरवरच्या धावत्या आकृतीवर झाडून संपवावीत. शेजाऱ्यांनी ९.३ निवडले आणि सबंध उन्हाळा तेच केले.