चारा की आमिष?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात दोन भाषा एकाच ओसरीवर नांदतात. हिंदीत ‘चारा’ गुरांपुढेही टाकतात आणि गळालाही लावतात. मराठीने या दुसऱ्या अर्थासाठी ‘आमिष’ हा वेगळा शब्द राखला आहे. हा भेद केवळ कोशातला नाही. तो नीतीचाही आहे.

छिंदवाड्याचा परिसर मक्यासाठी प्रसिद्ध. उभ्या पिकात हरणे, रानडुकरे शिरतात. शेतकरी रात्र रात्र जागल करतो, आरोळ्या देतो. ते वैर उघड असते. पण रानाच्या कडेला मुद्दाम मका पसरायचा, जनावराला तिथे येण्याची सवय लावायची आणि एके रात्री दबा धरून त्याला मारायचे, याला काय म्हणावे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच आमिष लावणे धरले आहे. अमेरिकेतील काही राज्यांत मात्र मका टाकून हरीण मारण्यास मुभा आहे. कायदा देशागणिक बदलतो; विश्वासघात बदलतो काय?

कुणी म्हणेल, हरणाला मरण सारखेच. खरे आहे, पण माणसाला ते सारखे नाही. पीक गमावलेल्याचा संताप रास्तच, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. तथापि गोग्रास आणि काकबळी काढणाऱ्या घरात भुकेल्यापुढे ठेवलेला घास हे एक वचन असते. तोच घास फास झाला, तर हरणाबरोबर आपले देणेही मरते.