मामीचा रोज

सोमवारचा बेल्ह्याचा बाजार करून मामा आले, तेव्हा मामी साठवणीच्या बराखीपुढे कांदा निवडत होती. मोठा एका पाटीत, गोल्टी दुसरीत, सडका पाठीमागं. मी वहीत हिशेब मांडत होतो.

"८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली, भाव पडला. ही वस्तुस्थिती," मी म्हणालो. "बंदी चूक होती, हे तुमचं मत."

"शहरात कांदा स्वस्त झाला म्हणून ती बरोबर होती, हे कुणाचं?"

"तेही मतच. 'आहे' यातून 'असावं' आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ ह्यूमनं अठराव्या शतकातच दाखवलंय. कुणाच्या ताटाकडं आधी बघायचं, ते आकडा सांगत नाही."

"मग मत राहू दे. नुसतं आहे ते सांग. दहा किलोला मला खर्च किती आला?"

हे सोपं वाटलं. बी, खत, औषधं, वीज, मजुरी. मी बेरीज केली.

मामांनी मामीकडं पाहिलं. "हिचा रोज?"

"ती घरचीच..."

"बाहेरची बाई लावली असती, तर लिहिला असतास ना?"

माझं पेन थांबलं. कृषी खर्च व मूल्य आयोगही खर्च एकाच रीतीनं मोजत नाही. 'ए-टू' म्हणजे खिशातून गेलेला पैसा. त्यात घरच्यांची मेहनत धरली की पुढचा आकडा. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरलं की 'सी-टू'. कांद्याला हमीभावच नाही. पण ज्या पिकांना आहे, त्यांना २०१८ साली सरकारनं दीडपट दिला म्हणून सांगितलं, तो मधल्या आकड्यावर. शेतकरी संघटना 'सी-टू' मागतात. बेरीज दोघांचीही चुकलेली नाही. काय मोजण्याजोगं, हे बेरजेआधीच ठरलेलं असतं, आणि तिथं मला वाद घालायचा आहे: बाईचे हात सोडून केलेल्या हिशेबाला मी खर्च म्हणणार नाही.

"म्हणजे सगळं मतच का, मामा?"

"असं कसं? सडला तो कांदा सडलाच. कुणाच्या मतानं टिकत नाही."

मामी इतका वेळ गप्प होती. "लिहायचंय तर लिही. पण किती दिवस लागले, माहितीय का?"

मला माहीत नव्हतं. मामांनाही नव्हतं. मी कोरं पान काढलं. मामीनं हात पदराला पुसले आणि रोपं उपटली त्या दिवसापासून बोटांवर मोजू लागली.